मीटरबाईची किडनी

माझी नणंद गल्लीत शिरली की लोक घरातले नळ बंद करतात. त्याचा काही उपयोग नसतो, महिनाभर वाहिलेलं पाणी मीटरवर आधीच चढलेलं असतं, पण तिला पाहिलं की हात आपोआप नळाकडे जातो. पाणीखात्यात मीटरचं रीडिंग घ्यायचं काम ती सव्वीस वर्षं करते आहे. पोरंटोरं तिला मीटरबाई म्हणतात. मोठी माणसंही म्हणतात, फक्त ती चार पावलं पुढे गेल्यावर. खांद्याला मेणकापडाची पिशवी, तिच्यात झाकण उचलायचा लोखंडी हुक, दात घासायचा जुना ब्रश, टॉर्च आणि नोंदवही. झाकण उचलायचं, गुडघा टेकायचा, काचेवरचा चिखल ब्रशने काढायचा, आकडे वाचायचे, झाकण धाडकन आदळायचं आणि पुढचं घर गाठायचं. कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकत नाहीत. त्यांनाही काहीतरी अनुभव आला असणार.

मला ती आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे भावजयीने केसाने गळा कापला असं पुढे कुणी म्हणायला नको.

लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा ती पहिल्यांदा आमच्याकडे आली. मी चहा ठेवायला वळले, तर ही सरळ मोरीच्या मागे जाऊन मीटरपुढे उकिडवी बसली. "सगळे नळ बंद कर," म्हणाली. केले. मीटरच्या तबकडीवर एक चिमुकली चक्री असते. घरातला एकूण एक नळ बंद असूनही ती चक्री फिरत असेल, तर कुठेतरी पाणी गळतंय असं समजायचं. चक्री फिरत होती. "गळतंय," ती म्हणाली. "तू आल्यापासून." संडासातल्या टाकीचा वायसर तीन वर्षांपासून गेलेला होता, हे माझ्या नवऱ्याने स्वतः कबूल केलं. पण ते 'तू आल्यापासून' मला जे चिकटलं ते चिकटलंच.

आईवडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि माझा नवरा नऊ. त्याला तिने वाढवलं. स्वतःचं लग्न केलं नाही, पाणीखात्यात चिकटली, भावाला शिकवलं, त्याला किल्ल्या बनवायचं मशीन आणि टपरी घेऊन दिली. हे सगळं खरं आहे आणि मी ते कधी नाकारलं नाही. पण वाढवलेलं माणूस कधीतरी सोडायचंही असतं, हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

पुढे नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. दोन वर्षं डायलिसिस केलं, आठवड्यातून तीनदा, चार चार तास. टपरी निम्मे दिवस बंद असायची. मशीनवरून उतरला की माणूस पिळून दोरीवर टाकलेल्या कपड्यासारखा दिसायचा. डॉक्टर म्हणाले, घरातलं कुणी किडनी देणार असेल तर बघा. आम्ही दोघी तपासणीला गेलो. माझा रक्तगट जुळला नाही, तिचा जुळला. रिपोर्ट हातात आला तेव्हा आम्ही दवाखान्याच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो, आणि माझ्या तोंडून सुस्कारा सुटला. सुटकेचा. मी देणार नव्हते असं नाही, दिली असती. पण द्यावी लागणार नाही हे कळल्यावर हायसं वाटलं, त्याला मी काय करू?

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं ना?" एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या दोघींमधलं उरलंसुरलं गोड बोलणं संपलं.

ऑपरेशन चांगलं झालं. तिची डावी किडनी काढून माझ्या नवऱ्याच्या ओटीपोटात उजवीकडे बसवली. किडनीतून मूत्र खाली आणणारी नळी त्याच्या मूत्राशयाला शिवली, आणि शिवलेला जोड बसेपर्यंत आतून एक बारीक मऊ नळी घालून ठेवली. तिला स्टेंट म्हणतात. तो सहा आठवड्यांनी काढायचा. घरी सोडताना त्यांनी आम्हाला एक मापाचा मग आणि एक वही दिली. दिवसभरात लघवी किती झाली, वजन किती, ताप किती, हे सगळं रोज लिहायचं.

पहिले दिवस नवरा तो मग घेऊन बाथरूममधून असा बाहेर यायचा, जणू शर्यतीतला कप मिळालाय. दोन वर्षं ज्याला थेंबाची चोरी होती त्याला आता दिवसाला दोन-अडीच लीटर होत होती. "बघ, बघ," म्हणायचा. मी बघायचे. आम्ही दोघं त्या मगाकडे बघून हसायचो. लग्नानंतर इतकं हसल्याचं मला आठवत नाही.

पण रोज संध्याकाळी ठोक्याला सात वाजता फोन वाजायचा. नणंदेला तीन महिने वजन उचलायला बंदी होती, म्हणजे झाकणं बंद, म्हणजे काम बंद. दोन बसस्टॉप पलीकडे ती आपल्या खोलीत एकटी बसून असायची आणि सव्वीस वर्षांची सवय तिला चावायची. वाचायला मीटर हवा होता, तो तिला आमच्या घरात सापडला. भाऊ कसा आहे असं तिने एकदाही विचारलं नाही. "माझी किडनी काय म्हणते?" हा पहिला प्रश्न. "आज किती?" हा दुसरा. आकडा सांगितला की, "काल तर जास्त होती. पाणी देतेस ना त्याला?" हा तिसरा. तिचं ऑपरेशन झाल्यावर मी आठ दिवस डबा पाठवला आणि नवव्या दिवशी बंद केला. कारण विचाराल तर ते फोन.

आता माझ्या कामाबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. मी पाळणाघरात आहे. एकवीस पोरं, तीन बाया. प्रत्येक पोराचं रोज एक कार्ड भरायचं असतं. दूध किती प्यायलं, किती जेवलं, किती झोपलं. नियम असा की ज्या त्या वेळी लिहावं. आता एक पोर रडतंय, दुसरं ओकतंय, तिसरं चौथ्याला चावतंय, तेव्हा कार्ड कोण भरणार? आम्ही चार वाजता चहा घेऊन बसतो आणि एकवीस कार्डं एका दमात भरतो. पाऊण वाटी, दीड तास, पाऊण वाटी, सव्वा तास. सगळं अंदाजपंचे. आईबाप खूश असतात, पोरं धडधाकट असतात, कुणाचं काही अडत नाही. बारा वर्षांत अडलं नाही.

स्टेंट काढला आणि पुढच्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अहो, किती झाली?" आणि नवरा आतून म्हणायचा, "कालच्याइतकीच." मी लिहायचे. दोन-तीन दिवसांनी मी विचारायचंही सोडलं. फ्रिजवरून वही काढायची, कालचा आकडा बघायचा, थोडा इकडेतिकडे करायचा. चोवीसशे, साडेतेवीसशे, चोवीसशे, साडेचोवीसशे. सात वाजता फोन आला की तोच आकडा ठणकावून सांगायचा, म्हणजे तिला तिसरा प्रश्न विचारायला जागा राहत नसे. खरं सांगते, त्यात मला मजा यायला लागली होती.

त्यातच एका मंगळवारी रक्ताची तपासणी होती आणि त्याच मंगळवारी पाळणाघरात तपासणीचे साहेब येणार होते. मी दवाखान्यात फोन केला. किडनीच्या पेशंटचं सगळं बघणारी एक सिस्टर आहे, तिने विचारलं, "लघवी किती होते? ताप? वजन?" मी वहीतून वाचून दाखवलं. लघवी चोवीसशे, ताप नाही. वजन मी खरंच बघून लिहीत होते, ते वाढत होतं, पण "बासष्टच्या आसपास" म्हणून मोकळी झाले. आसपास हा आमच्या पाळणाघरातला लाडका शब्द आहे. "मग पुढच्या मंगळवारी आलात तरी चालेल," सिस्टर म्हणाली.

वजन वाढतंय याचा मला आनंदच होता. एकसष्ट, बासष्ट, साडेत्रेसष्ट, पासष्ट. गाल वर आले, चेहरा भरला. शेजारीण म्हणाली, "अंगी लागलं हो तुमचं खाणं." मी दोन दिवस हवेत होते.

रविवारी सकाळी दहा वाजता दार वाजलं. नणंद उभी होती, डाव्या कुशीवर हात दाबून. दोन जिने चढून आली होती. दाराच्या चौकटीला टेकून तिने श्वास घेतला आणि मग म्हणाली, "माझी किडनी काय म्हणते?"

"मजेत आहे," मी म्हणाले.

ती सरळ फ्रिजकडे गेली. वही काढली. बोट ठेवून वरून खाली वाचत आली. तिचं बोट एका जागी थांबलं, वर गेलं, परत खाली आलं.

"ही कोणी भरली?"

"मी."

"बसल्या जागी भरलीस."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मला शिकवतेस?" तिने वही माझ्या नाकासमोर धरली. "सव्वीस वर्षं मी असली रीडिंगं पकडते आहे. चहाच्या टपरीवर बसून वह्या भरणारे आमच्याकडे चिक्कार आहेत. घर बंद दिसलं की मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढायची आणि ठोकून द्यायची. हे बघ, सुरुवातीला त्याने स्वतः लिहिलंय. एकवीसशे ऐंशी. सतराशे चाळीस. सत्तावीसशे दहा. हे खरं. पाणी कधी सरळ चालत नाही. आणि तुझं हे? चोवीसशे, साडेतेवीसशे, चोवीसशे. लग्नातल्या फोटोला उभं राहिल्यासारखे आकडे!"

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसाचं भांडं कुणीतरी सरळ हिसकावून घ्यावं, तसं झालं.

ती आत गेली. नवरा पलंगावर पडून होता. तिने त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर सारला, नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग त्याच्या हातात तिने मग दिला. "जा. माप."

"ताई, आत्ताच जाऊन..."

"जा म्हणते ना!"

तो गेला. बराच वेळ गेला. परत आला तेव्हा मगाचा तळ जेमतेम झाकला होता.

"कधीपासून?" तिने विचारलं. तो माझ्याकडे बघत होता. मी मगाकडे बघत होते. आठ दिवसांत मी त्या मगात एकदाही डोकावले नव्हते.

"मला वाटलं, पाणी कमी पितोय म्हणून असेल," तो म्हणाला. "दुखत नव्हतं गं काही. सांगितलं असतं तर तुम्ही सगळे परत... मला परत त्या मशीनवर नव्हतं जायचं, ताई."

"आत येतंय आणि बाहेर जात नाही," ती म्हणाली. "तुंबलंय. चपला घाल."

दवाखान्यात रक्त घेतलं. क्रिएटिनिन नावाचा एक आकडा असतो, किडनी नीट चालली की तो खाली राहतो. आमचा एक पॉइंट एक होता, तो चार पॉइंट सात झाला होता. सोनोग्राफीत किडनी टम्म फुगलेली दिसली. मूत्राशयाला शिवलेला जोड आकसून गेला होता, आणि मागे तुंबलेलं मूत्र किडनीलाच आतून दाबत होतं. नव्या किडनीला दुखायच्या नसा जोडलेल्या नसतात, त्यामुळे तिचा जीव जात असला तरी माणसाला पत्ता लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मग त्यांनी वही उघडली. कपाळाला आठ्या घातल्या. "कालपर्यंत चोवीसशे होती? मग इतकी फुगली कशी? हे एका दिवसात झालं की हळूहळू? किती दिवस दाब पडलाय त्यावर पुढचं ठरतं."

माझी नणंद भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मी वाट बघत होते की ही आता बोलेल. तिने सांगितलं असतं तर निदान मनातल्या मनात तिला शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण ती बया बोलली नाही. घड्याळाकडे बघत बसली, जणू तिला कुठे बस पकडायची होती.

"खोटं आहे ते," मी म्हणाले. "मागचे आठ-नऊ दिवस मी मनाने लिहिलंय."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "ही वही ऐकूनच आम्ही तुम्हाला आठवडाभर घरी थांबवलं, बाई," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी त्यांनी पोटातून सुई घालून किडनीत नळी बसवली आणि नळीला पिशवी लावली. पिशवी भरायला लागली. नणंद तिच्याशेजारी स्टूल टाकून बसली आणि दर तासाला पिशवीवरच्या रेघा वाचायला लागली. मोठ्याने. "तीनशे दहा!" "दोनशे पंचाऐंशी!" प्रत्येक आकड्याला माझ्याकडे बघायची. वॉर्डातले बाकीचे पेशंट वैतागले. सिस्टर म्हणाली, "अहो, आम्ही लिहितो आहोत." त्यावर ही म्हणाली, "लिहा ना. मी ताडून बघते." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साडेचार लीटर निघालं. नवऱ्याच्या गालावरचं माझं ते 'अंगी लागलेलं खाणं' पिशवीतून वाहून गेलं.

माझ्याशी ती बोलत नव्हती. मधे एकदा बोलली. मी चहा घेऊन गेले तेव्हा कप बाजूला सरकवून म्हणाली, "मी शरीरातलं काढून दिलं. तुला नुसतं मगात बघायचं होतं."

ज्याला उत्तर नसतं असं बोलणाऱ्या माणसाचा राग काही कमी होत नाही, उलट वाढतो.

पुढे फुगा घालून तो आकसलेला जोड रुंद करून बघितला. आठवड्यात परत आवळला. शेवटी डॉक्टर म्हणाले, पोट उघडून खराब टोक कापायचं आणि नळी नव्याने जोडायची. किडनी आणखी एकदा तुंबली तर वाचेलच असं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जननी नणंदेच्या जुन्या फिल्म मागितल्या, किडनी तिच्या पोटात होती तेव्हा काढलेल्या. त्या तिच्या घरी होत्या. भावाशेजारचं स्टूल सोडून ती उठायला तयार नव्हती. तिने मला किल्ली दिली, नवऱ्यानेच कधीतरी बनवलेली. "कपाटात वरच्या कप्प्यात, निळी फाइल. बाकी कशाला हात लावू नकोस."

अर्थातच मी सगळ्याला हात लावला.

चार वर्षांत मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. एक पलंग, एक खुर्ची, एक टेबल. दाराशी तिचे रबरी बूट, तळव्यापर्यंत धुतलेले. खिळ्याला ती मेणकापडाची पिशवी, हुक पुसून, तेल लावून ठेवलेला. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला. आणि खिडकीत माझा डबा. बंद केल्यावर जो परत मागायलाही मी गेले नव्हते, तो घासून, झाकण उघडं ठेवून पालथा घातला होता.

निळी फाइल मिळाली. फिल्म मिळाल्या. त्यांच्यामागे एक पिवळं कार्ड होतं. किडनी देणाऱ्यालाही दवाखाना सोडताना कार्ड देतो, हे मला माहीत नव्हतं. रोज रक्तदाब मोजून लिहायचा आणि तीन महिन्यांनी दाखवायचा. एकच किडनी राहिली की रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं, असं वरच छापलेलं होतं.

खाली तिच्या टोकदार अक्षरात ओळी होत्या. एकशे वीस, ऐंशी. एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर. एकशे वीस, ऐंशी. एकशे बावीस, ब्याऐंशी. एकशे वीस, ऐंशी.

मी पलंगावर बसले. बोट ठेवून वरून खाली वाचलं, ती वाचते तसं. लग्नातल्या फोटोला उभे राहिलेले आकडे. त्या दिवशी महिन्याची चौदा तारीख होती. कार्ड तीस तारखेपर्यंत भरलेलं होतं.

रक्तदाबाचं मशीन टेबलाखाली सापडलं. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा उघडली नव्हती.

मला आनंद झाला, लपवत नाही. इतका आनंद झाला की त्या रिकाम्या खोलीत मी मोठ्याने हसले. दुसऱ्याच्या वहीत बोटं घालणारी ही! कार्ड पर्समध्ये टाकलं, फिल्म काखेत धरल्या, कुलूप लावलं आणि निघाले. बसमध्ये बसल्यावर मात्र हसू थांबलं. दोन महिन्यांत या बाईला कुणी एकदाही विचारलं नव्हतं, "आज किती?" आणि विचारायला जगात माणसं होतीच किती? एक पोटात नळी घालून पडलेला. आणि एक मी.

वॉर्डात जाऊन फिल्म दिल्या. मग सिस्टरला म्हटलं, "यांचं बीपी बघा जरा."

"माझं कशाला?" नणंद स्टुलावरून म्हणाली. "मी काय पेशंट आहे?"

मी पिवळं कार्ड काढून तिच्या मांडीवर टाकलं.

"तीस तारखेला तुमचं एकशे वीस, ऐंशी येणार आहे," मी म्हणाले. "आज चौदा आहे. मला वाटलं आगाऊ अभिनंदन करावं."

"तुला सांगितलं होतं, कशाला हात..."

"बसल्या जागी भरलंत."

तिचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. मीटरबाईला कुणीतरी पकडलं होतं. सिस्टरने पट्टा बांधला, फुगवला, सोडला, भुवया वर केल्या आणि परत फुगवला. "एकशे अडुसष्ट, एकशे चार," ती म्हणाली. "डोकं दुखत नाही का हो तुमचं?"

"दुखतं," नणंद म्हणाली. "कधीपासूनचं."

"मग मोजलंत का नाही?"

उत्तर तिने सिस्टरला दिलं नाही, मला दिलं, दात ओठ खात, पलंगावरच्या भावाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात. "मोजलं की लिहावं लागतं. लिहिलं की त्याला कळणार. त्याला कळलं की हा म्हणणार, ताई, तुझी तू परत घे. तू ओळखत नाहीस त्याला. त्रास होतोय हेसुद्धा न सांगणाऱ्यांतला आहे तो."

"कुणावर गेलाय?" मी म्हणाले.

तिने पट्टा ओरबाडून काढला. पण त्या संध्याकाळी दिलेली गोळी तिने माझ्यासमोर गिळली, मी पाण्याचा पेला हातात धरून समोर उभी होते म्हणून.

दुसरं ऑपरेशन पाच तास चाललं. जोड बसला. क्रिएटिनिन खाली आलं, पण एक पॉइंट एकवर आलं नाही, एक पॉइंट सातवर थांबलं. "जे गेलं ते गेलं," डॉक्टर म्हणाले. "राहिलेलं सांभाळा." तो मधला फरक माझा आहे. तो कुणी माझ्यावरून उतरवू नये आणि मीही उतरवत नाही. नवरा टपरीवर जातो. तो मग मी रोज स्वतः उजेडात धरून वाचते आणि जे असेल ते लिहिते. आकडे घाणेरडे दिसतात, एकोणीसशे तीस, तेवीसशे ऐंशी, सोळाशे नव्वद.

नणंद पुन्हा कामावर जाते. चार माणसांत भेटली की अजून म्हणते, "हिच्यामुळे माझी किडनी निम्मी झाली." मी म्हणते, "आणि यांच्या कार्डाचं सांगू का?" मग ती गप्प बसते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तिचाही नाही आणि माझाही नाही. एकमेकींच्या घरी आम्ही अजून जास्त वेळ बसत नाही.

फक्त रोज संध्याकाळी सात वाजता आता मी फोन करते. "आज किती?" विचारते. ती शिवी हासडावी तसा आकडा फेकते आणि फोन आपटते. एकशे सेहेचाळीस, ब्याण्णव. एकशे एकोणचाळीस, सत्त्याऐंशी. एकशे त्रेपन्न, एक्क्याण्णव. नवऱ्याच्याच वहीत, मागच्या पानावर, मी ते लिहून ठेवते.

परवा तिने सांगितलं, "एकशे वीस, ऐंशी."

मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि तिच्या घरी गेले.